झाकणावरची गाठ

माझी थोरली जाऊ कधी कुणावर ओरडली नाही. ओरडणं म्हणजे उतू जाणं, आणि उतू गेलेलं शेगडीलाच जातं, असं तिचं म्हणणं. घरात दोन जावा म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच, पण आमच्यात आवाज फक्त माझाच व्हायचा. ती गप्प राहायची आणि चौथ्या दिवशी माझ्या चहात साखर घालायला विसरायची. तिच्या रागाची अशी रीत होती. उशिरा यायचा, पण पत्ता चुकायचा नाही.

ती लोकरीच्या गिरणीत स्वयंपाकीण होती. आधी दोन वर्षं यंत्रावर सूत काढलं, मग स्वयंपाकघर हातात आलं ते अकरा वर्षं. गिरणीत साठ बायका. थंडी पडली की त्या कामाच्या खोल्यांतून बोटं वळेनाशी व्हायची, आणि दुपारी दोनला जेवणाची घंटा झाली की थोरलीचा दाट रस्सा एवढीच काय ती ऊब. त्यासाठी मालकीणबाईंनी सहा विजेची भांडी घेऊन दिली होती, बादलीएवढी एकेक. ही भांडी कुकरसारखी शिट्ट्या मारत नाहीत. मंद आचेवर आठ तास गप्प बसतात. माझ्या जावेसारखीच.

तिचं काम मी जवळून बघितलंय, म्हणून सांगते. तळाला गाजर, सलगम, बटाटा, कारण कंदाला शिजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कांदा आणि मटण आधी कढईत लाल करून घ्यायचं, ते वर. पाणी बुडेल न बुडेल इतकंच. टोमॅटो वेगळा परतून वाढताना, आधी घातला तर बटाटा हट्टाला पेटतो. दोन भांडी मटण न खाणाऱ्यांची. त्यात मटणाऐवजी घेवड्याचे दाणे आणि जव, पण दाणे आधी वेगळे खळखळून उकळलेले, नाहीतर पोट धरून बसावं लागतं. सकाळी सहाला झाकण ठेवलं की दोनपर्यंत उघडायचं नाही. एकदा उघडलं की अर्ध्या तासाची ऊब जाते. झाकण काचेचं असतं, पण आतून वाफ धरते, काही दिसत नाही. माणसाची परीक्षा तिथेच होते.

आणि ती परीक्षा रोज नापास होणारा एक माणूस गिरणीत होता. देखरेख करणारे साहेब. बायका त्यांना मागून डोकावे म्हणायच्या. बंद पत्र दिसलं की उजेडात धरून बघायचं, बायकांचे डबे उघडून बघायचे, वर म्हणायचं, "काय, आज पुन्हा बटाटाच?" रोज एखाद्या भांड्याचं झाकण उचलल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. थोरली तेवढं धरून चालायची, तेच भांडं सगळ्यांत शेवटी वाढायची.

मग एका थंडीत साहेबांची बायको माहेरी गेली. घरचा डबा बंद. भुकेला माणूस दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात. एके दिवशी थोरली पाव आणायला तीन-चार तास बाहेर गेली होती. परत आली तर प्रत्येक भांड्याभोवती पाण्याचं तळं आणि दोन झाकणं उलटी. दोन वाजता साठ बायकांच्या ताटात करकरीत गाजरं आणि चिवट मटण पडलं. दहा-बारा जणी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या नाहीत. मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा डोकाव्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "बाई उशिरा आल्या. आठ वाजता भांडी लावली, मी डोळ्यांनी पाहिलं."

थोरलीने खरं काय ते सांगितलं. पण स्वयंपाकीण एक बोलते आणि साहेब एक बोलतो, तेव्हा कुणाचं खरं होतं ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली.

नोकरी गेल्याचं तिला एवढं लागलं नाही. लागलं ते पुढचं. रस्त्यात गिरणीच्या बायका भेटल्या की विचारायच्या, "काय बाई, शिजलं का?" सगळ्यांत आधी विचारलं ते गाठमावशीने. गाठमावशी गिरणीतली सगळ्यांत जुनी, तुटलेले धागे जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग ती म्हणच झाली. शाळेतून सुटलेली मुलंसुद्धा आमच्या दारावरून जाताना ओरडायची, शिजलं का, शिजलं का. थोरली खिडकीत बसून भाजी निवडत असायची. मान वर करायची नाही. मी म्हणायचे, "जाऊबाई, दोन शब्द सुनवा की एकदा." ती म्हणायची, "आठ तास व्हायचेत अजून."

आठ तासांची तीन वर्षं झाली.

तेवढ्यात गिरणीत तीन स्वयंपाकिणी येऊन गेल्या. डोकावे टिकू देतील तर ना. शेवटी मालकीणबाईंनी निरोप धाडला, की पुढच्या बुधवारी मी येते, बायकांबरोबर बसून जेवते, आणि पूर्वीसारखा रस्सा हवा. म्हणून एका दुपारी साहेब आमच्या दारात, हातात टोपी घेऊन.

"बाई, झालं गेलं विसरून जा."

"विसरले की," थोरली म्हणाली. "मला हल्ली काहीच आठवत नाही. आपण कोण म्हणालात?"

मी पदर तोंडाला लावून आत गेले, पण कान बाहेरच ठेवले. साहेब एका दिवसासाठी विनवत होते. थोरलीने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "सकाळी सहाला येऊन भांडी लावून देते. मग घरी जाते, मला तिथे बसवत नाही. दोनला वाढायला येते. पण मधे झाकण उघडायचं नाही. एकदासुद्धा नाही. कळलं?"

"कळलं."

"पुन्हा सांगते. उघडलं की शिजत नाही."

"अहो बाई, मी काय लहान आहे?"

"झाकणं मी धाग्याने बांधून जाईन."

"एवढा अविश्वास?"

"अविश्वास कसला. झाकण हलू नये म्हणून."

साहेब गेले तशी मी तिच्यावर चढले. "डोकं फिरलंय का तुमचं? तो उघडणार, रस्सा कच्चा राहणार, आणि पुन्हा खापर तुमच्याच डोक्यावर."

"उघडू दे," ती म्हणाली. "मी खोटं एक अक्षर बोललेले नाही. तिसऱ्यांदासुद्धा सांगणार आहे, फाटकावरच्या पहारेकऱ्यासमोर."

आमचे हे पेपर वाचत होते, ते म्हणाले, "वहिनी, आणि समजा त्याने नाही उघडलं तर?"

"तर रस्सा छान होईल, भावजी. तो शाबासकी घेईल आणि मी मरेपर्यंत कच्ची राहीन."

"म्हणजे सगळा डाव त्याच्या हातात?"

"त्याच्या खाजेत. अकरा वर्षं बघितलंय मी त्याला."

बुधवारी पाच वाजताच आम्ही दोघी निघालो. फाटकावर तिने पहारेकऱ्याला वेळ विचारून घेतली, मुद्दाम दोनदा. सहाच्या ठोक्याला भांडी लागली. पाच ओट्यावर ओळीने. सहावं तिने उचलून पावाच्या कोठीत नेलं, पिठाच्या पोत्यांमागच्या स्टुलावर ठेवलं आणि तिथे लावलं. मी म्हटलं, "इथे कशाला?" म्हणाली, "पाच त्याची, एक माझं." मग खिशातून तांबडी लोकर काढली आणि भांड्याच्या दोन्ही कानांतून ओवून प्रत्येक झाकण बांधलं. गाठ मारली ती गिरणीची. धागा तुटला की यंत्रावरच्या बायका मारतात ती, बारीक, चपटी, बोटावरून फिरवली तर जाणवतसुद्धा नाही. ती हातात बसायला वर्ष जातं. कचेरीतल्या कुठल्याही माणसाला ती येत नाही, आणि यंत्रावरची कुठलीही बाई ती अंधारात ओळखते.

पाव रचायच्या फळीखाली तिने एक मोठी टोपली सरकवली. आदल्या दिवशी आम्ही उकडलेली एकशेतीस अंडी. मी म्हटलं होतं, "तुमच्यावर हसल्या त्या, एक दिवस उपाशी राहू दे." तर म्हणाली, "हसल्या तोंडाने. पोटाने काय केलंय?"

साहेब आले, तेव्हा पहारेकरी शेजारीच होता. "साहेब, दोनपर्यंत उघडू नका." हे तिसऱ्यांदा. मग आम्ही घरी आलो. मी आठ तास येरझाऱ्या घातल्या. तिने खिडकीत बसून अख्खा मोजा विणला.

दोनला परत गेलो तेव्हा जेवणाच्या खोलीत सगळ्या बायका बाकांवर आणि मधोमध मालकीणबाई. डोकावे स्वयंपाकघराच्या दारात हसत उभे. "बघा बाई, बोट लावलेलं नाही."

"मग सगळी भांडी इथेच आणा," थोरली म्हणाली. "बांधलेली. बाईंसमोर सोडू." मला म्हणाली, "तू कोठीतलं आण." साहेबांचं हसू तिथेच थांबलं. कोठीत काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सहा भांडी लांब मेजावर लागली. थोरलीने गाठमावशीला हाक मारली. "मावशी, तुमच्या हाताने सोडा. गाठींचं काम तुमचं."

मावशीने पहिल्या गाठीला बोट लावलं आणि थांबली. "ही कुणी मारली?"

"सकाळी मी मारली."

"थट्टा करतेस? ही बुटाच्या नाडीची गाठ आहे." ती दुसऱ्या भांड्याशी गेली. "ही पण." तिसरं, चौथं. पाचव्यावर एकावर एक तीन गाठी, जणू भांडं पळून जाणार होतं. बायका उठून मेजाभोवती आल्या. एकीने धागा बघितला, तिने दुसरीला दाखवला, आणि कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. सहाव्या भांड्यावर मावशीचं बोट फिरलं नि अडलं नाही. "ही आपली," ती म्हणाली.

थोरलीने आधी पहिलं उघडलं. पळी घातली तर गाजर टणक, मटण आतून गुलाबी. मग सहावं. झाकण निघाल्याबरोबर सगळ्या खोलीभर वास गेला. त्यातला बटाटा पळीच्या नुसत्या धक्क्याने फुटला. एकाच हाताने, एकाच वेळी लावलेली भांडी. मालकीणबाईंनी दोन्हींतलं गाजर बोटाने दाबून बघितलं आणि साहेबांकडे वळल्या.

"एकदाच," साहेब म्हणाले. "फक्त बघायला."

"आजचं राहू द्या," थोरली म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "तीन वर्षांपूर्वी किती वेळा?"

"आता कुठे आठवतंय."

"आठवेल," गाठमावशी म्हणाली आणि बाकावर मांडी घालून बसली. "घाई नाही आम्हाला."

साठ बायका बसल्या. साहेबांनी मालकीणबाईंकडे बघितलं, तर त्या सहाव्या भांड्यातलं वाढून घेत होत्या.

"पाच-सहा वेळा," साहेब पुटपुटले.

"मागच्या बाकावर ऐकू येत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाच-सहा वेळा उघडलं होतं. बाई वेळेवर आल्या होत्या."

मला वाटलं, संपलं. तसं नव्हतं. थोरलीने एक मोठा वाडगा घेतला आणि दाण्यांच्या भांड्यातून काठोकाठ भरला. मटणाला हात लावला नाही. माणूस मारायचा नव्हता, चावायला लावायचा होता. खुर्ची ओढली. "बसा."

ते बसले. खाऊ लागले. कच्चं सलगम दाताखाली कसं वाजतं ते मला त्या दिवशी नीट कळलं. सगळी खोली ऐकत होती. थोरली हात बांधून समोर उभी. अर्ध्यावर ते थांबले तेव्हा तिने वाडगा त्यांच्याकडे बोटभर सरकवला, बस एवढंच. शेवटचा घास गिळून झाल्यावर ती खाली वाकली आणि विचारलं,

"शिजलं का, साहेब?"

कुणी हसलं नाही. हसायचा हक्क फक्त एकीला होता आणि ती हसली नाही. मग तिने अंड्यांची टोपली काढायला सांगितली. गाठमावशीने दोन अंडी घेतली, खाली मान घालून म्हणाली, "माझी जीभ झडो." थोरली म्हणाली, "झडायला नको, मीठ घ्या."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे तिला परत बोलावलं. ती म्हणाली, येते, पण एक अट. साहेबांनी घरचा डबा आणायचा नाही. इथेच जेवायचं, सगळ्यांच्या नंतर, मी वाढेन ते. मालकीणबाईंना त्यात गैर काहीच वाटलं नाही. उलट माणसाची काळजी घेते म्हणाल्या.

त्यानंतर ती सात वर्षं तिथे होती. साहेबही होते, जाणार कुठे. रोज सगळ्या उठल्या की ते येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे. ताटात लोण्यासारखं शिजलेलं अन्न असायचं, त्यात तिने कधी कसूर केली नाही. ताट ठेवायची आणि विचारायची, शिजलं का. ते म्हणायचे, शिजलंय बाई. मी एकदा तिला म्हटलं, "आता पुरे की हो. म्हातारा झाला तो." ती म्हणाली, "मी कुठे काय करते? जेवणाची चौकशी करते."

एका थंडीत तिला ताप आला, आणि तिच्या जागी मी गेले. पहाटे मी चपला घालत होते, तर तिने अंथरुणातून हात काढून माझं मनगट धरलं. हात नुसता पेटलेला.

"रस्सा खारट झाला तरी चालेल," म्हणाली. "विचारायला विसरू नकोस."

मी विसरले नाही.