पश्चिमेची भिंत

माझा धाकटा भाऊ हनुमंतराव चौतीस वर्षं कुंभकोणममधल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होता. "माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही," असं तो स्वतःच म्हणाला असता. थकलेला माणूस. आठ भाड्याची घरं झाली आणि त्रेपन्न साली बायकोला, भागीरथीला, अर्धांगवायू झाला. त्याच वर्षी त्यानं घर बांधायला काढलं.

जागा अरुंद. तिची खाट मावेल अशी खोली एकच, आणि त्या खोलीची लांब भिंत पश्चिमेला, दुपारभर उन्हात. आधीच्या घरात उकाड्यानं भागीरथी दोनदा बेशुद्ध पडली होती. डॉक्टर म्हणाले, "असा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही."

हनुमंतरावानं वाचनालयातून बांधकामाचं पुस्तक आणलं. त्यात होतं, जाड भरीव भिंतीऐवजी अर्ध्या विटेच्या दोन भिंती घ्या, मधे दोन बोटं मोकळी जागा सोडा. ऊन आत पोचत नाही. मी मद्रासला फिजिक्स घेऊन बी.ए. झालेली, तेव्हा त्यालाही बी.ए.च म्हणत. म्हटलं, "बरोबर आहे. छताचा भार दुसऱ्या भिंतींवर घे आणि बांध."

महालिंग गवंडी हसला. "अम्मा, दोन उपाशी भिंती शेजारी उभ्या केल्या म्हणजे एक जेवलेली भिंत होते का?"

"तू चुना कालव. जेवणाचं मी बघते."

जानेवारीत पोंगल झाल्यावर काम सुरू झालं. हनुमंतराव शाळा सुटली की तसाच खडूच्या हातांनी जायचा, वरच्या थरातून पोकळीत पट्टी घालून मोजायचा. माप बरोबर दोन बोटं यायचं. घरी येऊन खुर्चीत बसायचा, बूटही काढायचा नाही.

एप्रिलात राहायला गेले. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी खोलीत गेले, भिंतीला हात लावला आणि मागे घेतला. तवा! ठोकून पाहिली. सगळीकडे भरीव.

महालिंगला बोलावलं. त्यानं लपवलं नाही. "वरचे दोन थर मोकळे ठेवायचो, आपल्या ड्रॉइंगच्या सारना मोजायला. खालचं दुसऱ्या दिवशी विटांचे तुकडे अन् चुना घालून भरायचो. माझा चुना, माझी मजुरी."

"पण का रे?"

"आजारी बाईच्या उशाशी पोकळ भिंत कोण ठेवतं, अम्मा? रिकाम्या जागेत काय येऊन बसेल, सांगता येतं? मला झोप लागेना."

मी त्याला नको नको ते बोलले. भावाला म्हटलं, पाड. तेवढ्यात भागीरथी खाटेवरून, वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पुन्हा... धूळ... नको."

महालिंगनं पुढे होऊन भिंतीवर तळवा टेकवला. बराच वेळ. मग निघून गेला. दुसऱ्या दिवशी बांबू आणि नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घेऊन आला आणि भिंतीबाहेर वीतभर अंतर सोडून जमिनीपासून छतापर्यंत आडोसा बांधला.

"जागा मोकळी हवी ना सारना? ही घ्या. घराच्या बाहेर."

भिंत कोमट झाली. तेवढ्यावर भागीरथीनं तो उन्हाळा काढला, आणि पुढचे दोन.

झाप वर्षभरात कुजतात. दर मासी महिन्यात, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, ऊन चढायच्या आधी हनुमंतराव जुने सोडवायचा, नवे बांधायचा. महालिंग शिडी धरायचा. माझ्याशी तो फारसा बोलत नसे, मीही नाही. भागीरथी छप्पन्नच्या पावसाळ्यात गेली, सर्दीनं छाती भरून. उन्हानं नव्हे.

सत्तावन्नच्या मासीत मी गेले तर हा पुन्हा शिडीवर. खाली महालिंग.

"अरे, आता त्या खोलीत कोण आहे?"

त्यानं दातातली सुतळी काढली. "भिंत तापते, अक्का," म्हणाला, आणि पुढची गाठ मारायला लागला.

मी पिशवी खाली ठेवली आणि शिडीची दुसरी बाजू धरली.