पोरगी उभी होती

बॉक्सिंगच्या पंचाने लढत कधी थांबवावी, हे मी आता नव्या पंचांना शिकवतो. ज्या बाईंमुळे मला ते कळलं, त्यांचं नाव मात्र कधी घेत नाही. घेतलं तर पुढचंही सांगावं लागतं.

भंडाऱ्यात निवडीच्या लढती होत्या. मी शिकवत असलेली कोंढ्याची पोरगी रिंगणात होती. आदल्या दिवशी सरावात तिला डोक्यावर मार बसला होता. सकाळी म्हणाली, "सर, डोकं ठणकून राहिलं." मी म्हणालो, "डॉक्टरले सांगू नको. खेळू नाही देणार."

दुसऱ्या फेरीत तिच्या कानशिलावर एक ठोसा बसला. फार जोराचा नव्हता. गुणांवर आम्हीच पुढे होतो. पंच होत्या एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. त्यांनी आठपर्यंत आकडे मोजले आणि म्हणाल्या, "माझ्याकडे चालत ये." पोरगी गेली. हात वर, हनुवटी खाली, सगळं शिकवल्याबरहुकूम. बाईंनी हातांकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे पाहिले, पाय पाहिले. मग दोन्ही हात हलवून लढत थांबवली आणि ती पडायची वाट न पाहता तिला कवेत घेतलं.

आमच्याकडची माणसं कुस्तीच्या दंगली पाहत वाढलेली. पाठ मातीला टेकत नाही तोवर हार कसली?

"अवो मॅडम, पोरगी उभी हाये ना!"

"मॅडमले सैपाकाची घाई हाये वाटते!"

या दुसऱ्या टोमण्यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हसत हसत दोरांपाशी जाऊन भांडलोही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तिले मी दिसून नाही राहिली. आधी कुठं लागलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. पोरगीनं माझ्याकडे पाहिलं आणि तीही "नाही" म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. "याइचं बोलणं राहू द्या. हिले दवाखान्यात न्या."

जीपमध्ये तिला उलट्या सुरू झाल्या. नागपूरला कळलं, मेंदूला सूज होती. अजून एखादा फटका बसला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी अर्धंच सांगितलं. मी तिच्या उशाशी बसून होतो, म्हणून गावात झालं की सरांनी पोरगी वाचवली. बाईंच्या वाट्याला आलं, 'निवड हुकवणारी मॅडम'. हजारभर माणसं ओरडत असताना, पुढे असलेल्या पोरीची लढत थांबवायला केवढं काळीज लागतं, हे स्वतः पंच झाल्यावर मला कळलं.

पोरगी आज अड्याळला स्वतःचं दुकान चालवते. दर दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा तिची माय मला जेवायला बोलावते, मानानं पाटावर बसवते. यंदा ती भात वाढत असताना मी सगळं सांगून टाकलं. पोरगी खाली मान घालून बसली होती.

माय भाताचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "अन् त्या बाईले आमी इतकी वर्सं शिव्या देऊन राहिलो." पदरानं हात पुसले. "उठा सर. त्याइचं घर दाखवा मले."

मी अर्ध्या ताटावरून उठलो.