प्रयोगशाळेवरचं सरांचं नाव

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेला सरांचं नाव दिलं, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या वतीने मीच बोलले होते. बोलता बोलता रडलेही होते. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावीनंतर सर मुरबाडहून आमच्या गावी आले, ओटीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "हिला शिकू द्या, जबाबदारी माझी." भाताच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला तोही त्यांच्याच शेजारी उभी राहून. आज मी त्याच कॉलेजात शिकवते. सरांना जाऊन काही वर्षं झाली. सह्याद्रीतल्या वनस्पतींवरचं त्यांचं काम अजूनही लोक वापरतात, मीही वापरते.

सरांच्या स्मृतिदिनाला आमच्याकडे एक प्रथा पडली होती. प्रयोगशाळेच्या दारावर, नावाखाली, त्यांचा फोटो लावायचा आणि पाड्यावरून आलेल्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्याला हार घालायचा. सरांनी पाड्यावरची मुलं शिकवली, म्हणून. निवड माझ्याकडे असायची. यंदा मी धसईच्या पलीकडून येणारी एक मुलगी निवडली. हुशार, जरा बुजरी. निवडल्याचं सांगितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने निमंत्रणाचा मोबाइलवर फोटो काढला, घरी दाखवायला.

दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला. ती कॉलेजच्या वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण होती. दुसऱ्या वर्षाला असताना गावी गेली ती परत आलीच नाही. लग्न लावून दिलं असेल, असं तेव्हा आम्ही सगळेच धरून चाललो.

धसईला बाजाराच्या दिवशी भेटलो. ती काकड्या आणि शिराळी घेऊन बसली होती. मला पाहून शेजारणीला म्हणाली, "जरा बघ गो माझ्याकडं," आणि मला एस.टी. थांब्यामागे घेऊन गेली.

"लई जाडी झालीस," ती म्हणाली. "मास्तरीण दिसतेस आता."

"तू मात्र तशीच आहेस."

"तशीच कशी असंन? खुळी." ती हसली, मग हसायची थांबली. "माझी पोर त्या फोटोला हार नाय घालणार. आन त्या नावाखालून रोज जायची पण नाय. एवढंच सांगायला बोलवलं तुला."

मी कारण विचारलं. तिने सांगितलं, सरळ, माझ्याकडे न बघता.

आमच्या अभ्याससहली माळशेज, नाणेघाटाकडे असत. गोळा केलेली रोपं जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवावी लागतात आणि कागद ओले होतात म्हणून रोज संध्याकाळी बदलावे लागतात. हे काम सरांच्या खोलीत चाले. कोणातरी एका मुलीला ते मदतीला बोलवत. मीही किती वेळा गेले होते. मला कधीच काही झालं नाही. ती एकदा गेली आणि तिला झालं.

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? बाप नव्हता, भाऊ ल्हान. तुझ्या बापाच्या ओटीवर तो चहा प्यायचा. माझ्या दारात कोण येत व्हतं?"

इथे मला जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडतो. ती बोलत होती आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार तिचा नव्हता, सरांचा होता. सर असे नव्हते. माझे सर असे नव्हते. ते तोंडातून बाहेर पडलं नाही, पण तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ती म्हणाली, "तुला वाईट वाटणारच. तुझं भलं केलं त्यानं."

तिची एकच अट होती. तिचं नाव कुठे यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. केबिनमध्ये विभागातले एक ज्येष्ठ सहकारी आणि निवृत्तीला आलेल्या मॅडमही होत्या. मी म्हणाले, सरांचं नाव काढायला हवं, सहलीत एका विद्यार्थिनीशी त्यांनी फार वाईट वर्तन केलं होतं.

सहकारी खुर्चीत पुढे सरकले. "कोण विद्यार्थिनी? नाव सांगा."

"नाव सांगणार नाही."

"मग ऐकीव झालं. आणि तुम्ही म्हणता हे? तुम्ही? तुमच्या घरी येऊन हातापाया पडले होते ते, तुम्हाला शिकवायला!"

"म्हणूनच मी म्हणतेय."

"अहो, हल्ली पेपरात वाचतो. मोठमोठ्या विद्यापीठांत शास्त्रज्ञांची नावं इमारतींवरून उतरवतायत. ते वारं इथंवर आलं म्हणायचं. माणसाचं काम बघा ना. काम खोटं आहे का?"

"काम खरं आहे," मी म्हणाले. "तेही खरं आहे."

मग मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही नंतर नंतर कागद बदलायला दोघी-दोघींना पाठवायचो. एकटीला नाही."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी पदर सारखा केला. म्हणजे त्यांना माहीत होतं. सांगायचं नाही, पण दोघींना पाठवायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. आणि ते केल्याचं त्यांना त्या क्षणापर्यंत समाधानही वाटत असावं.

प्राचार्यांनी मार्ग काढला. भिंतींचं रंगकाम तसंही व्हायचंच होतं. त्यासाठी नावाची अक्षरं उतरवायची आणि मग लावायची नाहीत. स्मृतिदिन रंगकामामुळे रद्द. "कोणालाच त्रास नको," ते म्हणाले. मी मान डोलावली. बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

अक्षरं उतरली त्या संध्याकाळी मी तिला फोन केला.

"काढलं," मी म्हणाले.

"पोर म्हणत व्हती, रंगकाम हाये."

"हो, तसंच सांगितलंय सगळ्यांना."

"म्हंजे त्याची अब्रू तुमी अजून झाकताय," ती म्हणाली. "मी माझं झाकलं, ते मला जगायचं व्हतं म्हणून. तुमाला काय झालं गो? तो तर मेलाय."

"तुझं नाव येऊ नये म्हणून..."

"माझं नाव नको म्हणाले. त्यानं केलंच नाय, असं सांगा म्हणाले का?"

ती म्हणाली, "माझ्या पोरीला मी सांगीन. मला जमंल तवा. तुज्या पोरांना तू सांग." आणि फोन ठेवला.

मी सरांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून राहिले. इतकी वर्षं मी कृतज्ञ होते, ते मनापासून होते, आणि त्या कृतज्ञतेचा उपयोग त्यांना झाकायला झाला. आम्ही सगळे, त्यांनी शिकवलेले, त्यांच्याभोवती कुंपणासारखे उभे होतो.

सोमवारी पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. दारावर ताज्या रंगाचा वास होता. एका मुलाने विचारलंच, "मॅडम, नाव परत कधी लावणार?"

"लावणार नाही," मी म्हणाले. "रंगासाठी नाही काढलेलं. सरांनी त्यांच्या एका विद्यार्थिनीशी फार वाईट वर्तन केलं होतं. म्हणून काढलंय."

धसईच्या पलीकडून येणाऱ्या त्या मुलीकडे मी पाहिलं नाही. तिला आईने सांगितलं होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचा अधिकार माझा नव्हता.

मागून एकीने हात वर केला. "पण मॅडम, तुम्ही तर त्यांच्याकडेच शिकलात ना? तुम्हीच सांगता नेहमी."

"हो," मी म्हणाले. "त्यांच्याकडेच शिकले."

ती अजून वाट पाहत होती. पुढे काय सांगायचं ते मला कळत नव्हतं, आणि मी तिला तेच सांगितलं.