प्रेसवरचा डावा कान

सातवीनंतर शाळा सुटली आणि किनवटकडून मी सिन्नरला आलो, ते औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो. आमच्या प्रेसवर दोघं लागत. निफाडकडचे एक मामा साच्यात पत्रा ठेवायचे, हात बाहेर काढून ‘हो’ म्हणायचे, की मी पायानं पेडल दाबायचो. ते माझ्या डाव्या बाजूला उभे असत. त्यांची बोटं माझ्या कानाच्या भरवशावर होती म्हणा ना.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी उठलो तर डाव्या कानात नुसती शिट्टी, बाकी काहीच ऐकू येईना. प्रेसवर बहिरं होणं म्हणजे माणूस मुरल्याची खूण. चहाला सांगितलं तर सगळे हसले. एकानं हात मिळवला, म्हणाला, आता तू पक्का झालास. मलाही तसंच वाटलं. पण पेडल दाबायचं धाडस होईना. दर वेळी मान वळवून मामांचे हात बघायचो, मगच दाबायचो. माल कमी निघायला लागला.

मामा वैतागले. “दाब की. झोपला का काय?”

“मामा, तुमचा आवाज येत नाही हो मला. भीती वाटते.”

त्यांनी मशीनच बंद केली. माझं इथं दुसरं कोण होतं? दुपारी तेच मला एसटीनं नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कानात मळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या आवाजानं कान जातात ते हळूहळू, आणि बहुतेक दोन्ही. आणखी काही त्रास, असं त्यांनी विचारलं. डावा पाय मध्यंतरी बधिर होता, ते मी सांगितलं. उभं राहून झालं असेल, असं मी धरून चाललो होतो. ते ऐकून त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआय झाल्यावर आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवरचं वेष्टन निघावं तसं नसांचं होतं, असं त्यांनी समजावलं. कान जाणं त्यात क्वचित, पण होतं.

सलाईनमधून औषध दिलं. काही आठवड्यांनी बरंचसं ऐकू यायला लागलं. मामा खूश.

“चल मग प्रेसवर. येतं ना आता ऐकायला?”

“येतं. पण पुन्हा जाऊ शकतं म्हणालेत. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही.”

मामा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, “मग नाय उभं राहायचं तू तिथं.” आणि सुपरवायझरशी भांडून मला पॅकिंगला घालून आले.

अजूनही उठल्यावर डाव्या कानाशी चुटकी वाजवून बघतो. मामा रिटायर होईपर्यंत चहाला माझ्याकडे यायचे आणि न सांगता उजव्या बाजूला बसायचे.