लापशीतली पूड

आमचा दादा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. पातेलं बाहेर जाण्याआधी पहिला घास स्वतः खायचा, तोही वाढप्यांच्या देखत. एकदा मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांसाठी केलेलं अख्खं पातेलं त्याने मोरीत ओतलं, का तर तेलाला वास येत होता. साहेबांनी थयथयाट केला. दादा म्हणाला, जे मी खाणार नाही ते दुसऱ्याला घालणार नाही. नोकरी जाता जाता वाचली. अशा माणसाच्या तोंडात म्हातारपणी काय कोंबलं, ते ऐका.

आजार बळावला, घरी निभेना, तेव्हा त्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने, बापाला आजारी म्हाताऱ्यांच्या वृद्धाश्रमात ठेवलं. जागा चकचकीत, फरशीत तोंड पाहून घ्यावं. डॉक्टरांनी मला आणि भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार तर महिना-दोन महिने. आणि त्याच दमात औषधं लिहायला बसले. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली चालू, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली चालू, कोलेस्टेरॉलची चालू. दहा वर्षांनी झटका येऊ नये म्हणून घ्यायची गोळी, ती महिन्याभराच्या सोबत्याला! धन्य ते डॉक्टर.

दादाला गोळ्या गिळवेनात. मग सिस्टर त्या कुटून लापशीत कालवायला लागली. लापशी त्याला आवडायची, तेवढीच काय ती पोटात जात होती. पहिल्याच चमच्याला त्याने ओळखलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. सिस्टर गाल दाबून चार चमचे आत सारायची. डॉक्टर म्हणाले, भूक मेलीय, आणि भूक लागायची गोळी लिहून दिली. तीही कुटून लापशीतच. आता हसावं की रडावं?

मी डॉक्टरांना गाठलं आणि नको त्या गोळ्या बंद करा म्हटलं. ते म्हणाले, आजी, बंद केल्या की नातेवाइकांना वाईट वाटतं. म्हणजे औषध दादाला नव्हतंच, भाच्याला होतं, फक्त दादाच्या तोंडातून. भाच्याकडे गेले तर तो म्हणे, आत्या, माझ्या हाताने बाबांचं औषध बंद करू? लोक काय म्हणतील? लोक! दादाला तिथे काळं कुत्रं विचारत नव्हतं.

मग मी वाटी भाच्याच्याच पुढे धरली. "बाप खातो ते तू खाऊन बघ," म्हटलं. त्याने चमचा तोंडात घातला आणि लगेच रुमालात थुंकला. मला वाटलं, पडला एकदाचा उजेड. कसला उजेड! सिस्टरला म्हणाला, "साखर जरा वाढवा." साखर वाढली, मग दादाच्या रक्तातली वाढली, आणि डॉक्टरांनी तिच्यावरही गोळी दिली.

शेवटी मी घरून डब्यात साधी लापशी नेली. दादाने माझ्यापुढेही दात घट्ट आवळले. लहानपणी माझ्या ताटातलं उष्टं खाणारा माझा भाऊ, त्याला माझ्या चमच्याची भीती वाटत होती. जीव तुटला माझा. मग त्याचीच रीत आठवली. त्याच्या देखत पहिला चमचा मी खाल्ला. तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला. आणखी एक खाल्ला, तेव्हा कुठे त्याने आ केला. अर्धा डबा संपवला बाई त्याने. वर म्हणाला, "चिमूटभर मीठ हवं होतं." म्हटलं, खोड काही गेली नाही. किती दिवसांनी हसले मी.

चमचा विसळायला गेले. परत येते तो सिस्टर रिकामी वाटी घेऊन उभी, चेहरा नुसता फुललेला.

"आज आजोबांनी आपणहून तोंड उघडलं. सगळं औषध गेलं बघा."

दादा माझ्याकडे बघत होता. ओठांना पांढरी पूड लागली होती. त्याला वाटलं, मीच त्याला फसवलं. मी कानाशी वाकून शपथा घेतल्या, पण त्याने मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर त्याने कुणाच्याच चमच्याला तोंड उघडलं नाही, माझ्याही नाही. मग नाकातून नळी घातली आणि पूड नळीतून जायला लागली. आठवडा काही त्याने काढला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाचा सांगत होता, बाबांचं औषध शेवटपर्यंत एकदाही चुकलं नाही. लोक माना डोलवत होते. म्हणत होते, मुलगा असावा तर असा.