एक हिसका

वाळत घातलेल्या रबरी सूटचा वास आला की पाणबुड्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा आठवते. नापास झालो असतो तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचं काम गेलं असतं. मी टाकीच्या तळाशी, वर माझा दोर धरून जोडीदार नामदेव. एक हिसका म्हणजे ‘ठीक आहे’. मी तो दिला, तर गड्यानं असं ओढलं की मी थेट पंचवटीत पडणार होतो.

परीक्षक म्हणाले, “अहो, हे काय?”

“साहेब, आमच्या विहिरीवर एक हिसका म्हंजे बादली भरली, ओढा.”

पुढची परीक्षा बेशुद्ध पाणबुड्याला वर काढायची होती; बेशुद्ध मी, काढणारा नामदेव. साहेबांची शिट्टी ओठांना लागेपर्यंत मी काठावर. दोघंही पास.

तेव्हा मी लाजेनं लाल झालो होतो. आता नामदेव वर असला, की गढूळ गोदावरीच्या तळाशी मी मनातल्या मनात शीळ घालत काम करतो.