माझा जीबीएस आणि तेजूने चालवलेला ब्लॉग

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडीने हलकंच मारलं. पाय उडायला हवा होता. उडला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. मग घोटा, मग कोपर. पलंगाच्या कडेला बसून मी दुसऱ्याच कुणाचे पाय पाहावेत तसा माझ्या पायांकडे पाहत होतो.

"जीबीएस वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "गुलियन बॅरे सिंड्रोम. चंद्रपूरला न्यूरोलॉजिस्टकडे जा. उद्या नाही, आजच."

न्यूरोलॉजिस्ट म्हणजे नसांचा डॉक्टर, एवढं मला ठाऊक होतं. माझी बायको सुनंदा बाजूलाच उभी होती. तिने विचारलं, "पण हे असते काय, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी मला काम विचारलं. मी म्हटलं, ब्रह्मपुरीला आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो. ते हसले. "मग तुम्हाला लगेच कळेल. शरीराची रोगाशी लढणारी जी फौज असते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. नसांवरचं आवरण खाते. तारेवरचं प्लास्टिक निघालं, असं समजा. करंट पुढे जात नाही."

"तार बदलावी लागते का?" मी विचारलं.

"नाही. प्लास्टिक पुन्हा चढतं. वेळ लागतो."

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. तुमच्या घरी कुणाला हे नाव डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि तुम्ही घाबरून मोबाईलवर शोधत इथवर आला असाल, तर ते शेवटचं वाक्य आधी वाचा. प्लास्टिक पुन्हा चढतं.

सुरुवात अगदी साधी होती. लग्नाच्या एका पंगतीनंतर मला जुलाब झाले. घरात आणखी दोघांनाही झाले, सगळे बरे झाले, मीही झालो. पुढच्याच पंधरवड्यात पायांना मुंग्या आल्या. एकदा वर्गात जाताना डाव्या पायातली चप्पल मागे राहून गेली आणि मला पत्ताच नाही. पोरं हसली, मीही हसलो. मग हातातून पक्कड सुटायला लागली. ज्या दिवशी जिना चढताना कठडा धरून थांबावं लागलं, त्या दिवशी सुनंदाने काही ऐकून घेतलं नाही. दवाखान्यात नेलं. मुंग्या पायातून वर चढत असतील आणि ताकद जात असेल, तर वाट पाहू नका. आमच्यात तो शहाणपणा तिच्याकडे होता.

चंद्रपूरला पोचेपर्यंत मला उभं राहता येईना. तिथे नर्व्ह कंडक्शन झालं, म्हणजे नसांना बारीक झटके देऊन त्या किती वेगाने निरोप नेतात ते पाहणं. लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण मला तरी इंजेक्शनपेक्षा फारसं जास्त दुखलं नाही. तुम्हालाही सांगितलं तर निमूट कुशीवर वळा.

मग आयसीयू. तिथल्या डॉक्टरबाई राउंडला आल्या की म्हणायच्या, "एक लांब श्वास घ्या आणि एका दमात जमेल तेवढे आकडे म्हणा." हा आजार वर चढत छातीपर्यंत आला तर श्वास बंद पडू शकतो. मग व्हेंटिलेटर, म्हणजे मशीनचा श्वास. आकडे कमी होत गेले की त्यांना धोका कळतो.

मी खंजिरीच्या भजनात गाणारा माणूस. पहिल्या दिवशी एका दमात इतके आकडे म्हटले की बाजूच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "बाप्पा, हा तं पाढेच म्हनून राह्यला!" पण दर राउंडला दम आखूड होत गेला. एका सकाळी मी निम्म्याच्याही अलीकडे थांबलो. डॉक्टरबाईंनी नर्सला खूण केली आणि मशीन माझ्या खाटेशेजारी आणून ठेवलं. ते लावायची वेळ आली नाही. पण तो दिवस मी त्याच्याकडे बघत काढला.

त्याच दिवशी चेहराही गेला. हसता येईना, आणि डोळे मिटेनात. नर्स डोळ्यांत मलम घालून पट्टी लावायची. आमच्या वस्तीत रोज सांजेला सगळे मिळून प्रार्थना करतात. लहानपणापासून ती कधी चुकवली नाही. भेटीच्या वेळी सुनंदा आली तेव्हा मी बोबड्या जिभेने तिला म्हटलं, "प्रार्थना कशी करू? डोये मिटत नाई."

ती म्हणाली, "उघड्या डोयानं करा ना. देवालेही दिसू द्या काय हाल झाले तुमचे."

मला इतकं हसू आलं, आणि चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पण तिला कळलं. तीही हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

औषध आयव्हीआयजीचं होतं. पुष्कळ माणसांनी दिलेल्या रक्तातून रोगाशी लढणारा भाग वेगळा काढतात आणि सलाईनसारखा शिरेतून देतात. बाटलीकडे बघत मी विचार करायचो, यात कुणाकुणाचं रक्त असेल? कोण कुठल्या देवाला मानत असेल? सगळे एका बाटलीत, आणि ती बाटली माझ्यात. श्रद्धेवर मी ब्लॉगवर बरंच लिहिलं आहे. एवढं नीट मला कधी समजलं नव्हतं.

आता ब्लॉगचं सांगतो. दर रविवारी मी आमच्या घरातल्या गोष्टी लिहितो. आईने मांजरीशी केलेलं भांडण, सुनंदाचे उपास, तेजूचे प्रश्न. वाचणारे म्हणजे नातेवाईक आणि पुण्या-हैदराबादला कामाला गेलेले माझे जुने विद्यार्थी. तेजू माझी मुलगी, नववीतली. मी आयसीयूत असताना रविवार आला, तेव्हा ती ब्रह्मपुरीला आजीजवळ होती. कुणालाही न विचारता तिने स्वतःच लिहिलं. सुनंदाने मला ते नंतर वाचून दाखवलं:

"माझे पप्पा आजारी आहेत म्हणून आज मी लिहिते. पप्पांनी फोनवर सांगितलं की ते घाबरले नाहीत. हे खोटं आहे. मीपण आजीला तेच सांगितलं, तेपण खोटं आहे. आजी म्हणते, काऊन रडतं? आणि स्वतःच रडते. जीबीएस बरा होतो असं डॉक्टर म्हणतात. कुणाला झाला असेल आणि बरा झाला असेल तर खाली लिहा. मला पुरावा पाहिजे."

माझ्या इतक्या वर्षांच्या लिखाणाला कधी आले नाहीत तेवढे निरोप त्या पोस्टला आले.

श्वास सुधारल्यावर मला वॉर्डात हलवलं. पण हातपाय तसेच पडलेले होते. घास सुनंदा भरवायची. सगळे म्हणत होते बरा होशील, आणि मला आतून ते खरं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आयसीयूपेक्षा हे दिवस जड गेले.

एका दुपारी भेटीच्या वेळी माझ्याच वयाचा एक अनोळखी माणूस वॉर्डाच्या दारातून आत आला. खाटांच्या मधून चालत माझ्यापाशी आला, परत दारापर्यंत गेला आणि पुन्हा आला. मी आणि सुनंदा बघतच राहिलो.

"पाह्यलं का, भाऊ?" तो म्हणाला. "मी मडावी. एटापल्लीकडचा. मलेही हेच झालतं. तुमच्यासारखाच पडून होतो. तुमच्या पोरीनं पुरावा मांगला, म्हनून आलो."

त्याच्या भाच्याने पोस्ट वाचून दाखवली होती आणि तेजूला विचारून दवाखान्याचा पत्ता घेतला होता. निरोप लिहिण्यापेक्षा चालून दाखवावं, म्हणून तो आलापल्लीवरून बस बदलत चंद्रपूरला आला होता. सुनंदाने त्याला बसायला स्टूल दिलं. तो म्हणाला, "बसाले नाई आलो बाई, चालाले आलो." आणि मग बसलाच, खूप वेळ. त्याचा अंगठा पहिल्यांदा हलला तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं उंदीर आहे चादरीत, असं त्याने सांगितलं, तेव्हा मी खरोखर हसलो. अर्ध्याच तोंडाने, पण हसलो. सुनंदा ओरडली, "अवो, ओठ हालला!"

जाताना तो म्हणाला, "निघाच्या आधी आमच्या पेनाले सांगून आलो तुमचं." पेन म्हणजे त्यांचा देव. "आता तुमच्या देवालेही सांगा. दोघं मिळून पाहतीन."

पुढे फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने स्नायूंना पुन्हा कामाला लावणं. आधी बोट. मग मनगट. मग वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत. घरी आल्यावर आई माझ्या मागे मागे हात पसरून चालायची, मी वर्षाचा असताना चालली असेल तशी. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वरणभात खाल्ला तेव्हा अर्धा सदऱ्यावर सांडला. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेजूने त्यावर लगेच पोस्ट लिहिली, फोटोसकट. मी म्हटलं, अगं, माझी काही इज्जत? ती म्हणाली, "पप्पा, वाचनारे वाढून राह्यले."

धान निघाल्यावर आम्ही चौघंही मडावीकडे गेलो. काठी होती हातात, पण चाललो मीच. त्याच्या आईने नव्या तांदळाचा भात वाढला आणि मला विचारलं, "तू काय करतं रे?"

"पोराय्ले शिकवतो. आन् लिहतो. घरच्या गोष्टी."

"घरच्या गोष्टी तं घरोघरी असते."

"म्हनूनच वाचते लोक," तेजू मध्येच बोलली, आणि म्हातारी खूप हसली.

पण पहिला घास घेण्याआधी मडावीने आम्हाला गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली त्यांच्या पेनाच्या ठाण्याशी नेलं. सुनंदाने डोक्यावर पदर घेतला. आईने नेहमीच्या सवयीने पुटपुटायला सुरुवात केली. मीही हात जोडले आणि काय मागावं ते शोधू लागलो. काहीच सापडेना. चौघं सोबत होतो, पायाखालची माती गार लागत होती, ती मला कळत होती, आणि तिकडे घरी वाढलेला भात निवत होता.

"झालं का, भाऊ?" मडावीने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. आणि आम्ही जेवायला गेलो.